हाताने माउंट होते, बूट होताना होत नाही: एनएफएसच्या एका तक्रारीचा उलगडा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उबुंटू २२.०४ वर चालणाऱ्या कार्यालयीन सर्व्हरवर नॅसमधील (नेटवर्कवरील साठवण-यंत्रातील) ‘दस्तऐवज’ हा फोल्डर एनएफएसद्वारे (नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याच्या पद्धतीने) ‘/डेटा’ येथे माउंट व्हावा, म्हणजे जोडला जावा, अशी ओळ ‘/ईटीसी/एफएसटॅब’ या माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये आहे आणि तिच्यात ‘डिफॉल्ट्स,_नेटडेव्ह’ हे पर्याय दिलेले आहेत. साधा रीस्टार्ट केला तर कधी माउंट होते, कधी होत नाही. लाईट जाऊन आल्यावर मात्र हमखास होत नाही. लॉगिन करून ‘माउंट -ए’ दिले की क्षणात होते, पण त्यानंतरही डॉकरमधील (प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या व्यवस्थेतील) दस्तऐवज-प्रणालीला फायली दिसत नाहीत आणि कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो. पूर्वी बूट होताना ‘नेटवर्क कॉन्फिगर होण्याची वाट पाहत आहे’ अशा अर्थाच्या संदेशावर सर्व्हर दोन मिनिटे अडून राही, म्हणून ती सेवा कायमची बंद केली, हेही आपण जाता जाता लिहिले आहे. (आज्ञा आणि पर्याय मी खाली देवनागरीत लिहितो, टंकताना ते अर्थातच रोमनमध्ये द्यावेत.)

ही तक्रार एक दिसत असली तरी तिच्यात तीन वेगवेगळे दोष एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि त्यामुळेच एफएसटॅबमधला एखादा पर्याय बदलून ती पूर्णपणे सुटत नाही. हाताने दिलेली आज्ञा यशस्वी होते याचा अर्थ ओळ बरोबर आहे, नॅसवरील परवानग्या बरोबर आहेत, एनएफएसचे पॅकेज बसवलेले आहे आणि फायरवॉल आड येत नाही. म्हणजे या चारही गोष्टी तपासण्यात वेळ घालवू नये. उरतो तो केवळ वेळेचा प्रश्न: माउंटचा प्रयत्न झाला त्या क्षणी काय तयार नव्हते?

याचे उत्तर अंदाजाने न देता लॉगमधून काढता येते. ‘जर्नलसीटीएल -बी -यू डेटा.माउंट -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ ही आज्ञा दिली की कर्नल सुरू झाल्यापासूनचे सेकंद प्रत्येक नोंदीपुढे दिसतात. त्रुटीचा मजकूर सर्वजण वाचतात. पण ‘माउंटिंग’ ही नोंद आणि अपयशाची नोंद यांच्यातील अंतर फार थोडे जण मोजतात, आणि माझ्या मते मजकुरापेक्षा ते अंतर अधिक बोलके असते. अपयश त्याच सेकंदात आले असेल तर आपल्या बाजूचे नेटवर्क किंवा नावाचे निराकरण (नावावरून पत्ता शोधणे) तयार नव्हते. अपयश बरोबर ९० सेकंदांनी आले असेल आणि सोबत ‘टाइम्ड आउट, टर्मिनेटिंग’ असे शब्द असतील तर माउंटची आज्ञा अजून प्रयत्न करत होती, पण सिस्टमडीने (बूट आणि सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) तिला थांबवले. म्हणजे समोरचा सर्व्हर त्या वेळी उत्तर देत नव्हता. आपल्या साध्या रीस्टार्टच्या लॉगमध्ये पहिला प्रकार आणि लाईट गेल्यानंतरच्या लॉगमध्ये दुसरा प्रकार दिसेल, असा माझा कयास आहे. मागील बूटच्या नोंदी ‘-बी -१’ दिल्यास मिळतात, त्यामुळे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहता येतील.

आता पहिल्या दोषाकडे वळू. ‘_नेटडेव्ह’ म्हणजे ‘नेटवर्क येईपर्यंत थांब’ असा सार्वत्रिक समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. बूटच्या सुरुवातीला सिस्टमडीचा जनरेटर एफएसटॅबमधील प्रत्येक ओळीचे एका माउंट युनिटमध्ये (सिस्टमडीच्या कामाच्या एककात) रूपांतर करतो. ओळीतील प्रकार एनएफएस असेल तर हे माउंट नेटवर्कवरचे आहे हे त्याला सांगावे लागत नाही. तो स्वतःच त्या युनिटला ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ नंतरचा क्रम देतो. म्हणजे आपल्या ओळीतील ‘_नेटडेव्ह’ निरुपद्रवी आहे, पण त्याने काहीही वाढत नाही. खरी मेख त्या टार्गेटमध्ये आहे. टार्गेट हा केवळ मैलाचा दगड आहे. तो स्वतः कोणाचीही वाट पाहत नाही. वाट पाहण्याचे काम ‘सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन’ ही सेवा करते, आणि जिथे नेटवर्कमॅनेजर वापरलेला असतो तिथे ‘नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन’. आपण बंद केलेली सेवा हीच. ती बंद झाल्यावर ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ पूर्वीसारखेच गाठले जाते, लॉगमध्ये पूर्वीसारखीच नोंद दिसते, फक्त त्या नोंदीच्या मागे काहीही उरलेले नसते. मग माउंट आणि नेटवर्क यांची शर्यत लागते, आणि कधी हा जिंकतो, कधी तो.

मग ती सेवा दोन मिनिटे का अडत होती? कारण ती नेटवर्कडीच्या (सिस्टमडीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाच्या) ताब्यातील सर्व पोर्ट तयार होण्याची वाट पाहते आणि तिची मर्यादा मुळात १२० सेकंदांची आहे. आपल्या सर्व्हरला बहुधा दोन इथरनेट पोर्ट असावेत आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क-मांडणीच्या) फाइलमध्ये दोन्हींची नोंद असावी, पण केबल एकाच पोर्टला असावी. रिकाम्या पोर्टला कधीच लिंक येत नाही, म्हणून सेवा पूर्ण १२० सेकंद थांबून हार मानते. इंटरनेटवर यावर सेवा मास्क (म्हणजे सुरूच होऊ नये अशी बंद) करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वाईट सल्ला आहे. योग्य उपाय असा की नेटप्लॅनच्या फाइलमध्ये त्या रिकाम्या पोर्टखाली ‘ऑप्शनल: ट्रू’ लिहावे, ‘नेटप्लॅन अप्लाय’ द्यावे आणि सेवा पुन्हा ‘अनमास्क’ व ‘इनेबल’ करावी. दोन मिनिटांची अडवणूक जाईल आणि वाट पाहणे मात्र खरे राहील.

याला जोडून स्विचचा एक विषय येतो, कारण सेवा पूर्ववत करूनही काही ठिकाणी माउंट फसते. स्विचवर स्पॅनिंग ट्री (जाळ्यात फेरे होऊ न देणारी व्यवस्था) चालू असेल आणि ते जुन्या पद्धतीचे असेल तर केबलला लिंक आल्यावर तो पोर्ट आधी १५ सेकंद ‘लिसनिंग’ आणि मग १५ सेकंद ‘लर्निंग’ अवस्थेत काढतो. या ३० सेकंदांत दिवा हिरवा असतो पण आपली पाकिटे पुढे जात नाहीत. पत्ता डीएचसीपीने (आपोआप) मिळणार असेल तर तो मिळेपर्यंत सेवा थांबते, त्यामुळे हा दोष झाकला जातो. पत्ता कायमस्वरूपी दिलेला असेल तर लिंक येताच सेवा ‘नेटवर्क तयार’ म्हणून मोकळी होते. पुढे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. एफएसटॅबमध्ये नॅसचे नाव लिहिलेले असेल तर डीएनएसकडून (नावावरून पत्ता देणाऱ्या सेवेकडून) उत्तर येत नाही, ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’ अशी त्रुटी येते आणि माउंटची आज्ञा सहसा तिथेच संपते. नावाऐवजी आयपी पत्ता लिहिलेला असेल तर ‘नो रूट टू होस्ट’ ही त्रुटी तात्पुरती समजली जाते, आज्ञा आतल्या आत पुन्हा प्रयत्न करत राहते आणि ३० सेकंदांनी स्विच मोकळा झाला की माउंट होते. ‘नावाऐवजी आयपी टाकला आणि चमत्कार झाला’ असे जे सांगितले जाते त्यामागे बहुधा हेच असते. माझी पसंती मात्र एफएसटॅबमध्ये नावच ठेवून ते ‘/ईटीसी/होस्ट्स’ मध्ये नोंदवण्याला आहे, कारण नॅसचा पत्ता बदलला तर एकाच जागी बदल करावा लागतो. ज्या पोर्टला थेट संगणक जोडलेला आहे त्यावर स्विचमध्ये ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ चालू करणे हा मुळावरचा इलाज आहे. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र तो करू नये.

दुसरा दोष लाईट गेल्यानंतरचा. वीज आली की सर्व्हर, स्विच, राउटर आणि नॅस एकाच क्षणी उठतात. एसएसडीवरचा सर्व्हर अर्ध्या मिनिटात तयार होतो. नॅसला मात्र चकत्या फिरवणे, रेड (अनेक डिस्कांची जोडणी) तपासणे आणि सेवा सुरू करणे यांत काही मिनिटे लागतात. ‘माउंट.एनएफएस’ ही आज्ञा फोरग्राउंडमध्ये (पार्श्वभूमीला न जाता) चालत असताना तात्पुरत्या त्रुटींवर २ मिनिटांपर्यंत प्रयत्न करत राहते, पण सिस्टमडी कोणत्याही माउंट युनिटला मुळात ९० सेकंदच देते, त्यामुळे ती २ मिनिटेही पुरी होत नाहीत. यासाठी दोन पर्याय जोडीने द्यावे लागतात: ‘रीट्राय=१५’ (हा आकडा मिनिटांचा आहे) आणि ‘एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१६मिन’ (येथे ‘मिन’ हे मिनिटांचे एकक आकड्याला जोडूनच लिहायचे असते). एकच दिला तर दुसऱ्याची मर्यादा आड येते. जुन्या लेखांत ‘बीजी’ हा पर्याय सुचवलेला आढळतो. तो दिल्यास सिस्टमडी त्याचे रूपांतर ‘मर्यादा अनंत, रीट्राय १०,००० मिनिटे, आणि नोफेल’ असे करते, त्यामुळे तोही चालतो. परंतु काय घडणार आहे हे ओळ वाचून कळावे असे मला वाटते, म्हणून मी पर्याय सुटे लिहितो.

‘नोफेल’ (म्हणजे हे माउंट झाले नाही तरी बूट अडवू नये) येथे आवश्यक आहे आणि त्याचे दोन परिणाम समजून घ्यावेत. सिस्टमडीमध्ये सामान्य वापरकर्त्यांना लॉगिनची मुभा देणारी सेवा ‘रिमोट-एफएस.टार्गेट’ नंतर चालते. म्हणजे ‘नोफेल’ न देता १५ मिनिटांची सवलत दिली तर नॅस येईपर्यंत रूटखेरीज कोणालाही आत येता येणार नाही, एसएसएचनेही नाही. ‘नोफेल’ दिल्यावर ते टार्गेट या माउंटसाठी अडत नाही. दुसरा परिणाम याच नाण्याची उलट बाजू आहे: आता कोणतीही सेवा या माउंटसाठी थांबणार नाही, डॉकरही नाही. तिथे आपला तिसरा दोष सुरू होतो.

कंटेनर जेव्हा ‘/डेटा’ हा फोल्डर बाइंड करून (म्हणजे आपल्या आत जोडून) सुरू होतो तेव्हा त्या क्षणी त्या जागी जे असेल तेच त्याच्या नेमस्पेसमध्ये (फक्त त्याला दिसणाऱ्या फाइलव्यवस्थेत) अडकवले जाते. नॅस माउंट झालेले नसेल तर ते म्हणजे रूट डिस्कवरचा रिकामा फोल्डर. डॉकरची बाइंड पद्धत मुळात खासगी असल्यामुळे यजमान सर्व्हरवर नंतर केलेले माउंट आतपर्यंत पोहोचत नाही. म्हणून आपण ‘माउंट -ए’ देऊन ‘एलएस’ केले की आपल्याला फायली दिसतात आणि त्याच वेळी कंटेनरला तो फोल्डर रिकामाच दिसत राहतो. यात डॉकरचा दोष नाही. त्याला माउंटची गरज आहे हे कोणी सांगितलेलेच नाही. ‘सिस्टमसीटीएल एडिट डॉकर.सर्व्हिस’ देऊन उघडणाऱ्या फाइलमध्ये ‘[युनिट]’ या शीर्षकाखाली ‘रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा’ ही एक ओळ लिहावी. तिने गरज आणि क्रम दोन्ही जोडले जातात: माउंट होईपर्यंत डॉकर थांबतो, आणि माउंट अयशस्वी झाले तर सुरूच होत नाही. त्या सर्व्हरवर नॅसशी संबंध नसलेले इतर कंटेनर असतील तर त्यांनाही ही शिक्षा होईल. अशा वेळी दस्तऐवज-प्रणालीसाठी वेगळे सर्व्हिस युनिट करून तिच्यातच ही ओळ घालावी आणि त्या कंटेनरचे डॉकरमधील स्वयंचलित रीस्टार्ट बंद करावे.

आपल्या बाबतीत ओळ पुढीलप्रमाणे होईल:

नॅस:/व्हॉल्यूम१/दस्तऐवज /डेटा एनएफएस४ आरडब्ल्यू,हार्ड,नोफेल,रीट्राय=१५,एक्स-सिस्टमडी.माउंट-टाइमआउट=१६मिन ० ०

एनएफएस४ आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की तिसऱ्या आवृत्तीत पोर्टमॅपर (कोणती सेवा कोणत्या पोर्ट-क्रमांकावर आहे ते सांगणारी सेवा) १११ वर, मुख्य सेवा २०४९ वर आणि माउंट व लॉकच्या सेवा आणखी निराळ्या पोर्टांवर असतात. बूटच्या घाईत त्यांपैकी एखादी मागे राहण्याची शक्यता तितकी वाढते. चौथ्या आवृत्तीला एकटा २०४९ पुरतो. ‘हार्ड’ हा मुळातलाच पर्याय आहे, तरी मी तो लिहून ठेवतो, कारण बूट अडकते म्हणून ‘सॉफ्ट’ करण्याचा मोह पुढच्या माणसाला होतो. ‘सॉफ्ट’ने बूटचा प्रश्न सुटत नाही आणि नेटवर्क मधेच तुटले तर लिहिणाऱ्या प्रोग्रामला अर्धवट त्रुटी मिळून फाइल खराब होऊ शकते. दस्तऐवजांच्या साठ्यावर तो वापरू नये.

आपल्याला अनेकांनी ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ सुचवले असेल. कार्यालयातील डेस्कटॉपसाठी आणि विशेषतः वायफायवरच्या लॅपटॉपसाठी मी तोच देतो: बूटच्या वेळी माउंटचा प्रयत्नच होत नाही, कोणी फोल्डर उघडला की होतो, आणि पहिला प्रयत्न फसला तरी पुढच्या उघडण्याला नव्याने होतो. सतत धडका देणाऱ्या प्रोग्रामपुढे मात्र तो थकतो. थोड्या सेकंदांत पाच-सहा प्रयत्न फसले की सिस्टमडी ‘माउंट-स्टार्ट-लिमिट-हिट’ असा शेरा मारून ऑटोमाउंट युनिटच अयशस्वी ठरवते, आणि मग नॅस परत आले तरी ते युनिट हाताने उठवावे लागते. दस्तऐवज-प्रणालीसारखा प्रोग्राम नेमका अशाच धडका देतो, म्हणून सर्व्हरवर मी थेट माउंट आणि स्पष्ट अवलंबन पसंत करतो. बूटच्या शेवटी चालणाऱ्या ‘आरसी.लोकल’मध्ये ‘स्लीप ६०’ टाकणे किंवा क्रॉनमधून रीबूटला ‘माउंट -ए’ चालवणे हे मी सुचवणार नाही. ६० सेकंद पुरले तर आज पुरतात, आणि डॉकर त्यांच्यासाठी थांबत नाही.

नॅसच्या बाजूची एक शक्यता पुसून टाकू नये. नॅस अर्धे उठलेले असताना २०४९ वर उत्तर मिळते पण निर्यातीची (वाटायच्या फोल्डरांची) यादी अजून चढलेली नसते. तेव्हा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ किंवा ‘नो सच फाइल’ अशी त्रुटी येते. या त्रुटी कायमच्या समजल्या जातात, त्यामुळे ‘रीट्राय’ कितीही मोठा असला तरी आज्ञा लगेच थांबते. नॅसच्या जागी आपलाच लिनक्स सर्व्हर असेल तर ‘/ईटीसी/एक्सपोर्ट्स’ मधील त्या ओळीत ‘एमपी’ हा पर्याय द्यावा. ज्या डिस्कवरचा फोल्डर निर्यात करायचा ती डिस्क खरोखर माउंट झालेली असेल तरच निर्यात होते, नाहीतर रिकामा फोल्डर निर्यात होऊन ग्राहकांना (तो वापरणाऱ्या संगणकांना) सगळा साठा नाहीसा झाल्यासारखा दिसतो. त्याच फाइलमध्ये ग्राहकांची नावे लिहिलेली असतील आणि बूटच्या वेळी डीएनएस नसेल तर ती नावे ओळखली जात नाहीत. तिथे आयपी किंवा सबनेट लिहिणे सुरक्षित. माउंट झाले पण पहिली दीड मिनिटे फायली उघडायला अडतात असे दिसले तर घाबरू नये. लिनक्सचा एनएफएस४ सर्व्हर उठल्यावर जुन्या ग्राहकांना आपले लॉक परत मागता यावेत म्हणून मुळात ९० सेकंदांचा काळ राखून ठेवतो.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण शेजारचीच एक गोष्ट. एनएफएसचे माउंट फसले म्हणून सर्व्हर थेट इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत) जात नाही, कारण ती कारवाई ‘लोकल-एफएस.टार्गेट’ अयशस्वी झाले तरच होते. तरीही तसे होत असेल तर एफएसटॅबमध्ये बाइंडची ओळ शोधावी, उदाहरणार्थ ‘/डेटा/स्कॅन’ हा फोल्डर ‘/सर्व्ह/स्कॅन’ येथे बाइंड करणारी. बाइंडच्या ओळीत प्रकार ‘नन’ असतो, त्यामुळे सिस्टमडी तिला स्थानिक समजते. स्थानिक माउंटला एनएफएस हवे, एनएफएसला नेटवर्क हवे आणि नेटवर्कला आधी स्थानिक माउंट पूर्ण हवेत, असे चक्र तयार होते आणि लॉगमध्ये ‘ऑर्डरिंग सायकल’ दिसते. ‘_नेटडेव्ह’ची खरी जागा ती ओळ आहे.

बदल केल्यावर ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड’ द्यायला विसरू नये, अन्यथा जुनीच युनिटे चालत राहतात. ‘फाइंडमाउंट --व्हेरिफाय’ एफएसटॅबमधील लेखनाच्या चुका दाखवते आणि ‘सिस्टमसीटीएल कॅट डेटा.माउंट’ आपल्या ओळीचे प्रत्यक्षात काय झाले ते दाखवते. माउंटच्या जागेच्या नावात संयोगरेषा असेल तर युनिटचे नाव सरळ बनत नाही; ते ‘सिस्टमडी-एस्केप -पी --सफिक्स=माउंट’ देऊन विचारून घ्यावे.

डॉकर पुन्हा सुरू करण्यापूर्वी एक काम मात्र आधी करावे. इतके दिवस कंटेनर रिकाम्या फोल्डरवर चालत असेल तर त्याने रूट डिस्कवर फायली लिहिलेल्या असण्याची दाट शक्यता आहे, आणि वरून नॅस माउंट झाले की त्या झाकल्या जातात. ‘डीएफ’ रूट डिस्क भरलेली दाखवते पण ‘डीयू’ला ती जागा कुठेच सापडत नाही, अशी कोडी बहुधा यातूनच निर्माण होतात. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ द्यावे आणि ‘/एमएनटी/डेटा’ मध्ये पाहावे. नॅस न काढताही खालचा मूळ फोल्डर तिथे दिसतो. सापडलेल्या फायलींच्या तारखा आपल्या लाईट गेलेल्या दिवसांशी ताडून पाहाव्यात आणि त्या नॅसवर हलवताना त्याच नावाची नवी फाइल तिथे नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासावे. फोल्डर रिकामा झाल्यावर त्याच वाटेने ‘सीएचअ‍ॅटर +आय /एमएनटी/डेटा’ देऊन तो अपरिवर्तनीय करावा. त्यावर माउंट करायला काहीच अडचण येत नाही, पण माउंट नसताना तिथे लिहू पाहणाऱ्या प्रोग्रामला, तो रूट म्हणून चालत असला तरी, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर मिळते आणि बिघाड त्याच दिवशी लक्षात येतो.

चाचणीसाठी वीज जाण्याची वाट पाहायला नको. नॅसची केबल काढावी, सर्व्हर रीस्टार्ट करावा, सामान्य वापरकर्ता म्हणून एसएसएचने आत येता येते का ते पाहावे, ‘सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्स’ मध्ये ‘डेटा.माउंट’ चालू अवस्थेत आणि डॉकर प्रतीक्षेत आहे याची खात्री करावी, आणि पाच मिनिटांनी केबल परत लावावी. साधारण मिनिटाभरात माउंट होऊन डॉकर पाठोपाठ सुरू झाला पाहिजे. तसे झाले नाही तर पुन्हा त्याच लॉगमध्ये सेकंद मोजावेत आणि ‘डेटा.माउंट’चे ते अंतर मला कळवावे.